तपकिरी कोषातली मादी

"डावी सुई नुसती टेकवून धर. ओढायचं उजवीनं," केळुसकर बाई माझ्या पाठीमागून म्हणाल्या.

हे मला येत होतं. गेली तीन वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. पण स्वतःचे हात थरथरू लागल्यापासून बाई अशा मागे येऊन उभ्या राहायच्या आणि हातांनी करायचं ते तोंडानं करायच्या. मीही नव्यानं शिकत असल्यासारखी मान हलवायची. मिठाच्या पाण्याच्या थेंबात फळमाशीची अळी वळवळत होती. डावी सुई तिच्या अंगावर टेकवून मी उजवीनं तिच्या तोंडाचा काळा आकडा पकडला आणि अलगद ओढला, तसा रव्याच्या दोन कणांसारखा तिचा मेंदू बाहेर आला.

"आला," मी म्हणाले.

"आज बऱ्याच कर. शनिवारी खारभाटला माश्या सोडायच्या. त्याआधी गुणसूत्रं एकदा नजरेखालून गेलेली बरी."

"काही शंका आहे का, बाई?"

"नाही. नेहमीची तपासणी."

एवढं बोलून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून खाडी दिसायची, आणि खाडीपलीकडे खारभाट.

डॉक्टर सरयू केळुसकर या आमच्या केंद्राच्या प्रमुख होत्या. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून असलेलं आमचं केंद्र म्हणजे चार खोल्या, एक थंड कपाट, आणि माश्या पाळायची एक लांबलचक शेड. बाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या केळूस गावच्या. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. बोलणं मोजकं, नऊवारी नाही पण सुती पाचवारी नेहमी घोट्याच्या वर जरा उंच नेसलेली, कारण शेडमध्ये खाली कोंड्याचे ट्रे असायचे आणि त्यांतून पूर्ण वाढलेल्या अळ्या टणाटण उड्या मारायच्या. नवा माणूस दचकायचा. बाई मात्र निऱ्या झटकून पुढं चालायच्या.

ज्या माशीसाठी हा सगळा प्रपंच होता ती दिसायला देखणी. घरमाशीएवढी, पिवळसर तांबूस, पंखांवर तपकिरी रेघा. पण हिची मादी शेपटाकडची टोकदार नळी कोवळ्या कारल्यात, पडवळात, काकडीत खुपसून आत अंडी घालते. अळ्या फळ आतून खातात. डंखाच्या जागी डिंक येतो, फळ वाकडं होतं, सडतं. फवारणी पडते सालीवर, आणि अळी बसलेली आत. त्यामुळं शेतकरी आठवड्याला मारायचं औषध तीन दिवसांनी मारतो, आणि तेच कारलं बाजारात जातं.

बाईंचा उपाय वेगळा होता. प्रयोगशाळेत नर माश्या लाखांनी वाढवायच्या, कोषात असतानाच किरणोत्सर्ग देऊन त्यांना निर्बीज करायचं आणि वाडीत सोडायचं. रानातल्या मादीचा अशा नराशी संग झाला की तिची अंडी फुटत नाहीत. पिढी जागच्या जागी संपते. अडचण एकच होती. सोडायचे ते फक्त नर. निर्बीज मादीची अंडी निकामी, पण डंख मारायचा तो ती मारतेच. म्हणजे आपणच हातानं शेतकऱ्याच्या मांडवात डंख मारणाऱ्या माद्या सोडल्यासारखं. आणि लाखो कोषांतून नर कोणता, मादी कोणती, हे ओळखायचं कसं?

या प्रश्नावर बाईंनी उभी दहा वर्षं घालवली होती. या माशीचे कोष एरवी तपकिरी असतात. बाईंना एकदा पांढरे कोष सापडले. तो दोष त्यांनी जपला, वाढवला. मग किरणांनी गुणसूत्रं तोडून, तुटलेल्यांतली कोणती कुठं जुळली ते एकेका अळीत पाहून, शेवटी त्यांना हवा तो नर मिळाला. तपकिरी रंगाचा गुण ज्या तुकड्यावर असतो तो तुकडा याच्या वाय गुणसूत्राला जाऊन चिकटला होता. वाय असतं फक्त नराकडं. म्हणून या वंशात नर तेवढे तपकिरी कोषातून येत आणि माद्या पांढऱ्या. आम्ही त्यांना गहू आणि तांदूळ म्हणायचो. गहू मुंबईला किरणं द्यायला जाणार, तांदूळ केंद्रातच राहणार. इतकं सोपं करून ठेवलं होतं बाईंनी.

आणि खारभाट हे गावही त्यांनीच शोधलं होतं. दोन बाजूंना समुद्र, तिसऱ्या बाजूला खाडी. बाहेरून माशी यायची वाट जवळपास नाहीच. गावात वाड्याच वाड्या, आणि प्रत्येक वाडीत पडवळाचे नाहीतर कारल्याचे मांडव. गावानं त्या हंगामात औषध मारायचं नाही, असं ठरलं होतं. सहज ठरलं नव्हतं. आमच्या केंद्रातले क्षेत्र-अधिकारी अन्वर मुकादम सबंध पावसाळाभर होडीनं ये-जा करून घरोघर बसले होते. त्यांची सासुरवाडी खारभाटचीच. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना अन्वरभाई म्हणायची.

तर त्या दिवशी मी अळ्या सोडवत बसले. मेंदू रंगाच्या थेंबात ठेवायचा, वर पातळ काच, तिच्यावर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा तसूभर सरकला तर गुणसूत्रं गुंडाळली जातात. व्हिनेगरसारखा वास दिवसभर बोटांना राहायचा. सूक्ष्मदर्शकात पेशी फुटून तांबूस काड्या पसरलेल्या दिसत, आणि त्यांत नराची ओळख म्हणजे वाय. या माशीचं वाय एरवी अगदी ठिपक्याएवढं. पण आमच्या वंशात चिकटलेल्या तुकड्यामुळं ते चांगलं लांबट दिसे. ते मला इतकं ओळखीचं झालं होतं की काच सरकवता सरकवताच डोळा तिथं जाई.

सुरुवातीच्या काचा ठीक होत्या. मग एका नरात मला ते लांबट वाय दिसेना. होता तो नुसता ठिपका.

मला वाटलं, दाब चुकला. दुसरी पेशी पाहिली, तिसरी पाहिली. सगळीकडं ठिपकाच. तुकडा वायला सोडून परत आपल्या मूळ गुणसूत्रावर जाऊन बसला होता. मी आणखी अळ्या सोडवल्या. काहींत लांबट वाय, काहींत ठिपका. दुपारपर्यंत माझी खात्री झाली की हा एखाद्या अळीचा अपघात नाही. असा सुटलेला नर आमच्या जोडलेल्या नरापेक्षा दणकट असतो, त्याची जास्त अंडी फुटतात. तो एकदा पिंजऱ्यात शिरला की प्रत्येक पिढीत वाढतच जाणार. आणि त्याच्या लेकी तपकिरी कोषातून बाहेर येणार. गव्हात माद्या. आज थोड्या, पुढच्या खेपेला पुष्कळ.

बाई जेवायला गेल्या होत्या. मी उठले आणि शेडमागं अन्वरभाई कागदी पिशव्या मोजून लावत होते तिथं गेले. शनिवारी याच पिशव्यांत कोष घालून त्या मांडवांना टांगायच्या होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"बाईंना सांगितलंस?"

"अजून नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

"मग नको सांगूस."

मी त्यांच्या समोर येऊन उभी राहिले.

"ऐकून घे," ते म्हणाले. "माद्या असल्या तरी किरणं दिल्यावर निर्बीजच ना? वंश काही वाढणार नाही. थोडे डंख जास्त दिसतील. पुढच्या हंगामापर्यंत तुम्ही दोघी पिंजरा साफ करा. पण शनिवारी माश्या सुटल्या नाहीत तर पुढचा हंगामच येणार नाही. वरचे लोक हे केंद्र बंद करायला टपलेत, तुला ठाऊक आहे. आणि गाव? मी कुठल्या तोंडानं जाऊ तिथं?"

"पण अन्वरभाई, त्यांनी औषध बंद केलंय. आपणच डंख मारणाऱ्या माद्या सोडायच्या त्यांच्या मांडवात?"

"थोड्या."

"किती थोड्या ते मला सांगता येत नाही. तेच तर."

त्यांनी पिशव्यांचा गठ्ठा खाली ठेवला. "चारू, बाईंच्या हातात आता सुई धरवत नाही. त्यांच्याकडं काय उरलंय, सांग मला. हा एक शनिवार उरलाय."

मी परत येऊन काचांसमोर बसले. बाई आल्या, माझ्यामागून दोनदा गेल्या, काही विचारलं नाही. संध्याकाळी मी "येते" म्हणाले, त्या "बरं" म्हणाल्या.

रात्री मला झोप लागली नाही. बाईंनीच मला हे काम शिकवलं होतं. पहिल्या वर्षी माझी एकही काच धड होईना तेव्हा त्या शेजारी बसून म्हणाल्या होत्या, "दिसतंय ते सांग. दिसायला हवं ते सांगू नकोस." आणि आता मला दिसत होतं ते सांगितलं तर मी त्यांचीच दहा वर्षं मोडीत काढणार होते. पहाटे पहाटे मी ठरवलं.

सकाळी केंद्रात गेले तेव्हा बाई आधीच आलेल्या होत्या. खोलीचं दार उघडं. त्या खुर्चीत बसलेल्या, टेबलावर काही नाही, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत धरलेले.

मी दारात उभी राहून म्हणाले, "बाई, वाय..."

"किती नरांत?" त्यांनी विचारलं.

"चारात एक. कदाचित जास्तच."

त्या उठल्या, माझ्या सूक्ष्मदर्शकाशी येऊन बसल्या. मी एकामागून एक काचा लावत गेले. त्यांना स्क्रू फिरवता येत नव्हता, तो मी फिरवायची आणि त्या म्हणायच्या, "थांब. हं. पुढची." सगळ्या पाहून झाल्यावरही त्या तशाच डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "अन्वरला म्हणावं, होडी सांग. आपण खारभाटला जाऊन येऊ."

"मी पण?"

"तू पण."

खारभाटच्या शाळेच्या पटांगणात गाव जमलं. बातमी चांगली असणार असं समजून काही बाया पोरांना घेऊन आल्या होत्या. बाईंना बसायला खुर्ची दिली होती, त्या बसल्या नाहीत.

"माझ्या माश्या बिघडल्या आहेत," त्या म्हणाल्या. "नरांत माद्या मिसळल्यात. मी त्या सोडणार नाही. आजपासून तुम्ही औषध मारायला लागा. तुमचा जेवढा माल या दिवसांत खराब झाला, तो माझ्यामुळं झाला."

मग धर्मा पाटील उठले. गावात सगळ्यांत मोठा पडवळाचा मांडव त्यांचा, आणि औषध बंद करायला पहिला होकारही त्यांचाच होता.

"बाई, आमी तुमच्या शब्दावर गप बसलो. पोरं बोलत होती, बाबा औषध मारा. मी बोललो, नाय. बाईंचा शब्द हाय."

"हो," बाई म्हणाल्या.

"मंग आता काय सांगू पोरांना?"

"सांगा, बाईंचा शब्द खोटा ठरला."

धर्मा पाटलांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग खाली बघून म्हणाले, "तुमी येऊन सांगितला तरी." आणि ते निघून गेले. त्यांच्या मागून बाकीचेही गेले. एक म्हातारी तेवढी जाता जाता बाईंच्या दंडाला हात लावून गेली. अन्वरभाई त्यांच्या सासऱ्यांशी बोलायला गेले आणि होडीत परत आलेच नाहीत. येताना आम्ही दोघीच होतो. मी बाईंच्या समोरच्या फळीवर बसले होते. सबंध खाडी ओलांडेपर्यंत त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

पंधरवड्यात वरून हुकूम आला. प्रकल्प बंद, माश्या नष्ट करा. नष्ट करायचं म्हणजे पिंजरे थंड कपाटात ठेवायचे. गारठ्यानं माश्या आधी तळाशी येतात, मग पाय आखडून पडतात. बाई स्वतः एकेक पिंजरा उचलत होत्या. हात थरथरत असल्यानं पिंजऱ्याची जाळी दाराच्या चौकटीला लागून खडखडायची. मी धावत गेले.

"मी ठेवते, बाई."

"नको. तू जा."

"तुम्हाला जड होतंय."

"जा म्हटलं ना, चारू."

असा आवाज त्यांनी माझ्याशी कधी काढला नव्हता. मी निघून गेले. त्यांना माझं तोंडही बघवत नाहीये, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. निदान कळलं असं वाटलं. त्या महिन्याच्या शेवटी बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या केळूसला निघून गेल्या. निघताना त्या सगळ्यांचा निरोप घेत होत्या, आणि मी मुद्दामच मुंबईला गेले होते. माझ्यामुळं त्यांना आणखी त्रास नको, असं मला वाटलं.

मी पुढं बंगळुरूला गेले. तिथं त्याच कामात राहिले. दुसऱ्या माश्या, दुसरी गुणसूत्रं. लग्न झालं, मुलगी झाली. परदेशातल्या लोकांनी आमच्या त्या अडचणीवर तोडगा काढला तेव्हा तो मी विद्यार्थ्यांना शिकवलाही. एक लहानसा मूळ वंश वेगळा ठेवायचा, आणि प्रत्येक पिढीत त्यातल्या चुकीच्या रंगाच्या माश्या हातानं वेचून काढायच्या. बाईंना आणखी दोन हंगाम मिळाले असते तर त्यांनाही हे सुचलं असतं, असं शिकवताना दर वेळी मनात यायचं. केळूसला जावं असंही मनात यायचं. पण गेल्यावर बोलणार काय? मी त्यांचं आयुष्यभराचं काम एका वाक्यात संपवलं होतं, आणि ते वाक्य खरं होतं. माफी तरी कशाची मागायची? अशी वीसेक वर्षं गेली.

मग अन्वरभाईंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. मुरुडला. फोनवर ते म्हणाले, "या वेळी कारण सांगू नकोस," म्हणून मी गेले.

निकाह झाल्यावर दुपारी आम्ही त्यांच्या घरामागं सुपारीच्या वाडीत खुर्च्या टाकून बसलो. दाढी पांढरी झाली होती, गुडघे दुखत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"बाईंकडं कधी गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"नाही गेले."

"कधीच?"

"मला धीर झाला नाही, अन्वरभाई. त्यांना मी डोळ्यांसमोर नको होते. तुम्ही तर होतात तिथं."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. म्हणाले, "मी वर्षातून एकदा जातो. त्या दर वेळी विचारतात, चारू काय म्हणते. मी म्हणतो, येईल कधीतरी. त्या म्हणतात, नाही यायची. तिला कळलंय."

"काय कळलंय?"

अन्वरभाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे तुला खरंच माहीत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच लिहिते आहे. मी काचा केल्या त्याच्या आदल्या दिवशी अन्वरभाईंना तपकिरी कोषांच्या पिंजऱ्यात एक मादी दिसली होती. शेपटाची नळी नुसत्या डोळ्यांना दिसत होती. ती बाटलीत घालून त्यांनी बाईंना नेऊन दाखवली. निवडताना चुकून एखादा कोष इकडचा तिकडं झाला असेल, असं त्यांना वाटलं. बाईंनी मादी पाहिली आणि म्हणाल्या, हे गुणसूत्रांवरूनच कळेल.

"मी म्हटलं, मग चारूला सांगा ना तसं. तर म्हणाल्या, नाही, तिला काही सांगायचं नाही. तिला नुसत्या काचा करू दे. तिला दिसलं आणि तिनं येऊन सांगितलं तर मी थांबेन. परवा सकाळपर्यंत नाही आली तर मी माश्या सोडेन, आणि आपण दोघं ही मादी विसरून जाऊ."

वाडीत कुणीतरी हसत होतं, ताटांचा आवाज येत होता.

"म्हणजे मी तुमच्याकडं आले तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"म्हणून मला अडवलंत."

"मला माश्या सुटायला हव्या होत्या," ते सरळ म्हणाले. "माझ्या एकट्याच्या बोलण्यावर ते ठरत होतं, असं मला त्या दुपारी वाटलं. तुला बाईंची दया यावी असं बोललो. ते मला आजपर्यंत टोचतं."

"आणि तुम्ही एवढी वर्षं..."

"बाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, तिला कळलं तर तिला वाटेल, मी तिला पुढं केलं. आणि केलं होतं त्यांनी. तू तोंड दाखवेनास तेव्हा त्यांनी धरून घेतलं की तुला कुठूनतरी कळलं, म्हणून तू येत नाहीस. मला वाटलं, तू बंगळुरूची मोठी झालीस, म्हणून येत नाहीस. कोण काय समजून बसलं होतं, बघ."

त्याच रात्री मी मुरुडहून निघाले ते दुसऱ्या दिवशी केळूसला पोचले.

बाईंचं घर लहानसं, दोन खोल्यांचं, भाच्याच्या घराला लागून. त्या पडवीत बसल्या होत्या. अंगानं अगदी वाळल्या होत्या. पाचवारी तशीच जरा उंच नेसलेली. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच ओळखलं, पण उठल्या नाहीत.

"अन्वरनं सांगितलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"काल सांगितलं."

"काल." त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा स्वतःशी म्हटला. "म्हणजे तोवर तुला काही माहीत नव्हतं."

"नाही. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"मी?" त्या म्हणाल्या. मग पडवीच्या पायरीकडं बघत राहिल्या. "मला तुझ्याकडं बघवत नव्हतं. ते निराळं."

भाचेसुनेनं चहा आणला, बाईंचा वाटीत. बाईंनी वाटी दोन्ही हातांत धरली, तरी चहा हेलकावत होता. त्यांनी ती खाली ठेवली.

"तुला एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी तू आली नसतीस, तर मी खरंच त्या माश्या सोडल्या असत्या का? मला अजून कळलेलं नाही. अन्वर म्हणतो, नसत्या सोडल्या. भाचा म्हणतो, छे, तुम्ही कशा सोडाल. सगळे तसंच म्हणतात. तू मला रोज पाहिलंस. तुला काय वाटतं?"

मी विचार केला. ती सकाळ मी पुन्हा सगळी डोळ्यांसमोर आणली. उघडं दार, रिकामं टेबल, त्यांचे एकमेकांत धरलेले हात. त्या माझी वाट बघत होत्या की मी येऊ नये म्हणून बसल्या होत्या, हे त्या चेहऱ्यावरून मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आताही कळेना.

"मला नाही सांगता येत, बाई," मी म्हणाले.

त्यांनी हळूच मान हलवली. चेहरा सैल झाला.

"हेच विचारायला मला कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "विचारावं अशी एकच होती, आणि ती येत नव्हती."

त्यानंतर आम्ही संध्याकाळपर्यंत बोललो. त्यांनी बंगळुरूच्या कामाचं सगळं विचारून घेतलं. मूळ वंश वेगळा ठेवायची युक्ती ऐकून म्हणाल्या, "सोपं होतं की." धर्मा पाटील कधीच वारल्याचं त्यांनीच मला सांगितलं. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"एका दुपारीत काय होतंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी राहायला ये."

"दिवाळीत येते. मुलीची सुट्टी असते, तिलाही आणते."

"आण."

भाद्रपदात अन्वरभाईंचा फोन आला. मी वर्गावर निघाले होते. बाई आदल्या संध्याकाळी गेल्याचं त्यांनी सांगितलं. झोपेतच, काही त्रास झाला नाही.

"मी दिवाळीत जाणार होते," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "गणपतीच्या आधीच त्यांनी भाच्याकडून पलीकडच्या खोलीत दोन खाटा टाकून घेतल्या होत्या."